अळ्या राखणारा मीटर

मित्रांनो, मी जुना आहे आणि मीटर आहे. एवढेच सांगून थांबलो तर तुम्ही मला भिंतीवरचा विजेचा मीटर समजाल, नाहीतर रिक्षातला. मी तो नव्हे. मी टेबलावर बसून मोजणारा मीटर. तार, मोटारीची गुंडाळी, दिवा, काहीही माझ्या दोन वायरींना टेकवा. त्यातून जाताना वीज किती अडखळते ते मी आकड्यात सांगतो.

माझा जन्म बंगळूरच्या एका कारखान्यात झाला. करड्या पत्र्याची पेटी, पुढे हिरवे आकडे उजळणारी काच, खाली बारा बटणे आणि उचलायला दांडी, असे माझे रूप. पण माझ्या पाठीवर आणखी एक गोष्ट होती. नऊ पिनांचे एक चपटे तोंड, आणि त्यावर काळे टोपण. ते कशाला होते, हे सांगितल्याशिवाय माझी पुढची गोष्ट तुम्हाला कळायची नाही.

मला दोन हद्दी सांगून ठेवता येतात, एक खालची आणि एक वरची. मोजलेला आकडा खालच्या हद्दीखाली गेला की पाठीवरची एक पीन ‘कमी’ असा इशारा देते. वरची हद्द ओलांडली की दुसरी पीन ‘जास्त’ म्हणते. मधे असला तर तिसरी ‘बरोबर’ म्हणते. चौथी फक्त ‘मोजून झाले’ एवढे कळवते. या इशाऱ्यांना आउटपुट म्हणतात. त्यांत अर्धेमुर्धे काही नसते. इशारा असतो किंवा नसतो. त्यावरून बाहेरचे एखादे यंत्र चालू करावे, एखादे बंद करावे, अशी ती सोय होती. मोजायचे मी आणि कष्ट करायचे दुसऱ्याने.

मला बांधणाऱ्यांनी एवढ्या हौसेने केलेली ती सोय वीस वर्षे कोणी वापरली नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यात आलो तो एका सूतगिरणीत. दारव्ह्याच्या रस्त्यावर ती गिरणी होती. तिथल्या बिजलीखात्यात अनंतराव नावाचे एक शांत गृहस्थ होते. पांढरा हाफशर्ट, खिशात दोन पेनं आणि टेस्टर. गिरणीची मोटार बंद पडली की तिची गुंडाळी माझ्यापुढे यायची. मी आकडा सांगायचो, अनंतराव वहीत टिपून घ्यायचे. कोणी शंका काढली की म्हणायचे, “त्याला विचारलंय मी. तो म्हणतो जळली, तर जळली.” संध्याकाळी ते मला पिवळ्या फडक्याने पुसत आणि माझ्यावर कापडी खोळ घालत. गिरणीत सगळीकडे कापसाचा भुसका उडायचा, पण माझ्या बटणांत त्याचा एक कण सापडला नसता. ते दिवस मानाचे होते.

मग कापसाचे वाईट दिवस आले. त्यावर मोठ्या माणसांनी पुष्कळ लिहिले आहे, मी काय सांगणार? मला आमच्या गिरणीपुरते ठाऊक. आधी रात्रपाळी बंद झाली, मग दुपारपाळी. एका पावसाळ्यात माझ्यापुढे एकही गुंडाळी आली नाही. गिरणीला कुलूप लागले आणि जुने सामान बाहेर निघाले, तेव्हा अनंतरावांनी दुसरे काही नाही, मला मागून घेतले.

दारव्ह्यात बसस्टँडजवळ त्यांनी मोटारी भरायचे, म्हणजे जळलेली गुंडाळी काढून नवी घालायचे, दुकान काढले. शेतकऱ्यांचे पंप तिथे यायचे. सुरुवातीला मीच मोजायचो. पण हळूहळू खिशात मावणारे लहान मीटर आले. ते पंपापर्यंत नेता येत. मला तर जागचे हलवायलाही दोन हात लागायचे. मी फळीवर गेलो, फळीवरून कोपऱ्यात. माझ्या डोक्यावर तांब्याच्या तारेची रिळे बसली आणि रिळांवर वार्निशचा डबा. खोळ कुठे गेली कोण जाणे. अनंतरावांचा दोष नव्हता. त्यांचेही वय झाले होते आणि पुसायला फडकी पूर्वीसारखी मिळत नव्हती.

अशी पाच-सहा वर्षे गेली. दोन हजार पाच साल संपत असेल, त्या सुमारास दुकानात दीपा कामाला आली. यवतमाळच्या आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली ही मुलगी दारव्ह्यापासून चार कोसांवरच्या गावातून जीपने ये-जा करायची. तिला प्रत्येक वस्तू उलटी करून पाहायची सवय होती. तिने एके दिवशी वार्निशचा डबा उचलला, रिळे उचलली, आणि मला उलटे केले.

“काका, याच्या पाठीवर हे काय आहे?”

“आउटपुट आहे. कधी लागलं नाही.”

“चालते का?”

“टोपणच काढलं नाही, तर चालते का ते कसं सांगू?”

तिने नखाने टोपण काढले. मित्रांनो, वीस वर्षांनी पाठीला वारा लागला.

दीपाच्या मनात काय होते ते तिने त्याच दुपारी अनंतरावांना सांगितले. तिच्या आईने, नलूबाईंनी, एक एकरात कपाशीऐवजी तुती लावली होती. तुतीचा पाला खाऊन रेशमाच्या अळ्या वाढतात आणि शेवटी स्वतःभोवती कोष विणतात. ते कोष विकायचे. सरकारी रेशीम कार्यालय अंडी देत होते. नलूबाईंनी शेड बांधली, अळ्या पसरायला मजल्या-मजल्यांचे माच केले, अंडी आणली. पण अळ्यांचे एक आहे, त्यांना ना ऊन सोसत ना थंडी. चोवीस ते सत्तावीस अंशांच्या मधेच त्या सुखी असतात. आपल्याकडे फाल्गुनात पहाटे हात गारठतात आणि दुपारी पत्रा भाजतो. पहिल्या खेपेच्या सगळ्या अळ्या चार दिवसांत पिवळ्या पडून मेल्या होत्या.

“बाबा म्हणते, आणखी एक डाव पाहतो,” दीपा म्हणाली. “या खेपेस कोष नाही आले त तुती उपटून पुन्हा पऱ्हाटी लावतो म्हणते. माय काही बोलत नाही, पण ती जेवत नाही काका बरोबर.”

अनंतरावांनी हातातली तार गुंडाळून रीळ बाजूला ठेवले आणि म्हणाले, “ने त्याला. पण एक ध्यानात ठेव. त्याचं काम इशारा द्यायचं. ओझं उचलायचं काम त्याचं नाही. त्याच्या पिनेला कूलर जोडशील तर तो मरेल. मधे रिले घाल.”

रिले म्हणजे एक छोटा खटका. माझ्या इशाऱ्याने तो लागतो आणि मोठी वीज त्याच्यातून जाते. दीपाने रिले आणला, पण पहिल्या दिवशी ‘बरोबर’च्या पिनेवर तो लावून पाहताना घाईत उलटा झटका अडवणारा डायोड विसरली. रिले सुटताना असा झटका बसला की माझी ‘बरोबर’ म्हणणारी पीन कायमची गेली. त्या दिवसापासून मला फक्त ‘कमी’ आणि ‘जास्त’ म्हणता येते. अनंतराव रागावले नाहीत. म्हणाले, “घरोघरी असंच असतं. सगळं बरोबर असलं की कोण बोलतंय?”

गावाला मी गुलाबसिंगच्या जीपमधून गेलो, दीपाच्या मांडीवर. जीपमध्ये अठरा माणसे होती.

“काय व दीपा, टीव्ही घेतला का?” गुलाबसिंगने आरशातून विचारले.

“नाही गा दादा, मीटर आहे. मायच्या अळ्यांसाठी.”

“अळ्यायले मीटर?” तो म्हणाला. “आमच्या तांड्यावर माणसायले नाही अजून.”

सगळी जीप हसली. मीही हसलो असतो.

शेडमध्ये एका उंच फळीवर मला बसवले. माझ्या वायरीच्या टोकाला दीपाने मुगाच्या दाण्याएवढा एक मणी लावला आणि तो माचांच्या मधोमध, अळ्यांच्या उंचीवर लोंबता सोडला. हवा तापली की त्या मण्याचा अडथळा कमी होतो, गार झाली की वाढतो. म्हणजे शेड तापली की माझा आकडा उतरायचा आणि गारठली की चढायचा. नलूबाईंना हे फार चमत्कारिक वाटले.

“उलट्या काळजाचा आहे व हा,” त्या म्हणाल्या. “तापलं की उतरते.”

“तुले काय करायचं आहे माय? तू हे दोन आकडे पाह्य.” दीपाने भिंतीवर खडूने लिहिले: वर १०.४, खाली ९.२. “याच्यावर गेला त थंडी, हीटर लागते. याच्या खाली आला त गर्मी, कूलर लागते. मधात असला की दोन्ही बंद.”

आता एक अडचण माझीही होती, ती लपवत नाही. मला आठवण राहत नाही. वीज गेली की मी झोपतो आणि उठतो तेव्हा हद्दी विसरलेला असतो. आणि त्या काळात आपल्याकडे दिवसातून बारा-बारा तास वीज जायची. आज तुम्हाला सांगून पटायचे नाही. म्हणून वीज आली की कोणीतरी चार बटणे दाबून मला माझ्या हद्दी पुन्हा सांगायच्या, असे ठरले. नलूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या. त्यांनी ती चार बटणे एका दिवसात पाठ केली. शेजारच्या रुक्माबाई, वय सत्तरीचे, रोज पाला चिरायला यायच्या. त्या बघत बसायच्या आणि म्हणायच्या, “लेकरू झोपून उठलं की त्याचं तोंड धुवून द्यावं लागते, तसं आहे हे.”

नलूबाईंचे यजमान बळीरामभाऊ शेडच्या दारापर्यंत यायचे, आत यायचे नाहीत. पाल्याचा भारा दाराशी टाकायचे आणि परत जायचे. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या हाताने आजवर कपाशीशिवाय काही लावले नव्हते. “पऱ्हाटी बुडली त डोळ्यानं दिसते तरी,” ते म्हणायचे. “हे काय, पेटीत पाहा न् अळीले विचारा.”

अंडी फुटली. केसांएवढ्या अळ्या निघाल्या, वीसेक हजार. पहाटे मी ‘जास्त’ म्हणायचो की हीटर लाल व्हायचा. दुपारी ‘कमी’ म्हणायचो की कूलर घरघरायचा. वीज नसली की नलूबाई आणि दीपा दारा-खिडक्यांवर ओली पोती टांगायच्या. अळ्या चार वेळा झोपल्या, चार वेळा कात टाकून उठल्या, आणि बोटाएवढ्या झाल्या. शेवटच्या आठवड्यात त्या इतके खातात की पाला पुरत नाही. वीस हजार अळ्या एकदम पाला कुरतडतात तेव्हा शेडमध्ये बारीक पाऊस पडत असल्यासारखा आवाज भरून राहतो. मी आयुष्यात सूतगिरणीचा आवाज ऐकला होता, पंपांचा ऐकला होता. इतका खाऊनपिऊन सुखी असलेला आवाज नव्हता ऐकला. वीज परत आली की नलूबाई आता माझी चार बटणे दाबायच्या आणि वर म्हणायच्या, “राख रे बावा माह्ये लेकरं.”

आणि मग ती दुपार आली.

दीपा दारव्ह्याला दुकानात होती. पाला कमी पडला म्हणून नलूबाई आणि बळीरामभाऊ दोघेही तुतीत गेले. त्या दिवशी नेमकी एक वाजता वीज आली होती. नलूबाईंनी मला हद्दी सांगितल्या, कूलर लागल्याचे पाहिले आणि रुक्माबाईंना म्हणाल्या, “रुक्मामाय, घंटाभर बसजो. काही लागलं त आवाज दे.”

आपल्याकडे उन्हाळा लागला की ओले फडके हा सगळ्यावरचा उपाय. माठाला ओले फडके, डोक्याला ओला दुपट्टा, पाळण्यावर ओले धोतर. रुक्माबाईंचा जन्म त्यातच गेला. त्यांनी दारावरची पोती भिजवली, स्वतःचा पदर भिजवला. मग त्यांची नजर माझ्या त्या मण्यावर गेली. माचांच्या मधे एकटाच लोंबत होता बिचारा.

“सगळ्यायले गारवा करून राह्यली,” त्या स्वतःशीच पुटपुटल्या, “अन् ज्याच्या जिवावर आहे त्यालेच कोणी पाहात नाही.” त्यांनी लुगड्याची एक चिंधी फाडली, भिजवली, आणि मण्याभोवती नीट गुंडाळून गाठ मारली.

मित्रांनो, त्या चिंधीत माया होती यात शंका नाही. पण ओल्या चिंधीला हवा लागली की तो मणी गार पडतो, शेड कितीही तापलेली असो. माझा आकडा चढू लागला. नऊ-सात, दहा, दहा-चार. ओलांडला. अकरा-दोन. माझ्या हिशेबात थंडी पडली होती. मी कूलर कधीच थांबवला होता. आता मी ‘जास्त’चा इशारा दिला आणि कोपऱ्यातला हीटर लाल झाला. बाहेर मार्चमधले दोनचे ऊन, वर पत्रा, आणि आत मी पेटवलेला हीटर.

रुक्माबाई समाधानाने घरी पाणी प्यायला गेल्या आणि ओट्यावर त्यांचा डोळा लागला.

मी काय करू शकत होतो? माझ्या पोटातला ट्रान्सफॉर्मर तापला होता. माझा पत्रा तापला होता. माझ्या सगळ्या अंगाला ठाऊक होते की शेड भट्टी झाली आहे. पण मला अंगावरून बोलता येत नाही. मण्याने जे कळवले तेवढेच मी सांगू शकतो. अकरा-दोन, अकरा-दोन, असे मी उजळून सांगत राहिलो आणि खालच्या माचांवर अळ्यांनी एकेक करून पाला सोडला, माना वर उचलल्या आणि निश्चल झाल्या.

तासाभराने पाल्याचा भारा डोक्यावर घेऊन नलूबाई परतल्या. त्या दाराशी येऊन थबकल्या. मागून बळीरामभाऊ येत होते.

“काय झालं?” त्यांनी विचारले.

“आवाज नाही येऊन राह्यला,” नलूबाई म्हणाल्या.

“कायचा?”

“खाण्याचा.”

भारा तिथेच पडला. त्यांनी पोते बाजूला केले आणि आतली झळ तोंडावर आली. लाल हीटर दिसताच त्यांनी धावत जाऊन त्याची वायर भिंतीतून उपटली. मग माचाजवळ गेल्या, एका अळीला बोटाने हलवले. ती हलली नाही. दुसरीला हलवले. तिने मान किंचित फिरवली.

बळीरामभाऊ त्या खेपेत पहिल्यांदा शेडमध्ये आले. त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिले. “भर उन्हात हीटर लावते हा. दीपाले सांगतलं होतं मी, मशीनचा भरवसा नाही.” त्यांनी माझी दांडी धरली. “फेकतो याले नाल्यात. अन् उद्या तुतीबी पाह्यतो.”

“थांबा जरा, दीपाचे बाबा.”

“आता काय थांबा?”

“थांबा म्हणलं न.” नलूबाई माझ्या काचेकडे पाहत होत्या, मग भिंतीवरच्या खडूच्या आकड्यांकडे. “हा अकरा दाखवून राह्यला. म्हणजे त्याले थंडी वाजून राह्यली.”

“एवढ्या गर्मीत थंडी?”

“त्याले काहून थंडी वाजते, थे पाह्यू द्या की.”

असे कोणी माझ्याबद्दल कधी विचारले नव्हते, मित्रांनो. अनंतरावांनीसुद्धा नाही; ते माझ्यावर विश्वास ठेवत, पण मी तसे का म्हणतो, हे विचारायची वेळ त्यांच्यावर आली नाही. नलूबाई माझ्या वायरीवर हात ठेवून चालत गेल्या, फळीपासून खांबापर्यंत, खांबापासून माचापर्यंत. वायरीच्या टोकाला त्यांच्या बोटांना ओले लागले.

त्यांनी गाठ सोडली. चिंधी उजेडात धरली. हिरवे काठ. कोणाचे लुगडे ते त्यांना कळायला वेळ लागला नाही.

इकडे माझा आकडा कोसळत होता. दहा, नऊ-दोन, आठ, सात. हद्द उतरताच मी ‘कमी’चा इशारा दिला, रिले खट्ट वाजला आणि कूलर घरघरू लागला. बळीरामभाऊंनी माझी दांडी सोडली. ते एकदा कूलरकडे, एकदा मण्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत राहिले.

“म्हणजे हा खोटं नव्हता बोलत,” ते म्हणाले.

“त्याले जे सांगतलं, थे त्यानं सांगतलं,” नलूबाई म्हणाल्या. “पाणी आणा. पोती वाळली आहेत.”

तेवढ्यात रुक्माबाई डोळे चोळत दारात आल्या. उपटलेली वायर, आडव्या अळ्या, नलूबाईंच्या हातातली चिंधी, सगळे त्यांनी एका नजरेत पाहिले.

“मीच बांधली व माय थे,” त्या म्हणाल्या. “त्याले ऊन लागन म्हणून.”

बळीरामभाऊंच्या ओठांवर काहीतरी आले होते, पण नलूबाईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि ते घागर घेऊन बाहेर गेले. रुक्माबाईही वळल्या आणि घरी निघून गेल्या.

पोती भिजली. अळ्यांवरचा सुकलेला पाला काढला. तुतीचा कोवळा पाला बारीक चिरून थोडा थोडा पसरला. मग दोघे नवराबायको माचांच्या मधल्या जागेत जमिनीवर बसून राहिले. करायला दुसरे काही नव्हते. मी माझा आकडा सांगत होतो. आठ-पाच. आठ-आठ. नऊ-एक. नऊ-दोन ओलांडून वर आला तेव्हा कूलर आपोआप थांबला. आता सगळे बरोबर होते आणि ते सांगायची पीन माझ्याकडे नव्हती.

उन्हे उतरू लागली. चौथ्या माचावर, खिडकीच्या बाजूला, काहीतरी कुरकुरले. नलूबाईंनी मान वळवली नाही. हलले तर थांबेल अशी त्यांना भीती वाटली असावी. पुन्हा कुरकुरले. मग शेजारच्या माचावर. मग खालच्या. दिवेलागणीला पूर्वीसारखा नाही, पण ओळखू येण्यासारखा तो बारीक आवाज शेडभर झाला होता.

“खाऊन राह्यल्या,” बळीरामभाऊ हळूच म्हणाले, जणू मोठ्याने बोलले तर त्यांची भूक मोडेल.

नलूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाल्या, “भाकर टाकते आता. मलेबी भूक लागली.”

सकाळी दीडशे-दोनशे अळ्या मेलेल्या निघाल्या. बाकीच्या वाचल्या. दीपाने येऊन सगळे ऐकले आणि त्याच दिवशी मण्याभोवती पितळी जाळीची एक छोटी डबी केली, की हवा लागेल पण फडके गुंडाळता येणार नाही. शिवाय आता हीटरच्या वायरीत तिने एक साधा थर्मोस्टॅट घातला. मी कितीही ओरडलो तरी शेड तापलेली असली तर हीटर लागायचा नाही. “एकट्याच्या जिवावर एवढं सोपवायचं नाही, माय,” ती म्हणाली. मला त्याचा राग आला नाही. उलट खांद्यावरचे ओझे अर्धे झाल्यासारखे वाटले.

रुक्माबाई दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी नलूबाईंनी बळीरामभाऊंनाच त्यांच्याकडे पाठवले. ते कसे गेले, काय बोलले, मी पाहिले नाही. पण अर्ध्या तासाने ते पुढे आणि रुक्माबाई मागे, असे दोघे आले. रुक्माबाई दारातच अडल्या.

“मी नाही येत आत. माह्या हातानं काही व्हायचं.”

“मामी, पोती कोण भिजवन मग?” बळीरामभाऊ म्हणाले. “मले नाही जमत. मी भिजवली की अर्धं पाणी पायावर जाते.”

“जमत नाही काय,” रुक्माबाई म्हणाल्या, “आळस आहे तुले लहानपणापासून,” आणि आत येऊन त्यांनी बादली उचलली.

त्या दुपारनंतर सहाव्या दिवशी अळ्या अंगाने पारदर्शक झाल्या आणि त्यांनी खाणे सोडले. या वेळी ते सोडणे शुभ होते. चंद्रिका म्हणतात त्या बांबूच्या गोल जाळ्यांवर त्यांना सोडले आणि त्या डोके हलवत हलवत स्वतःभोवती धागा विणू लागल्या. चार दिवसांत सगळ्या जाळ्या पांढऱ्या-पिवळ्या कोषांनी भरल्या. बळीरामभाऊंनी एक कोष उचलून कानाशी हलवला. आतले खुळखुळले. त्यांनी तो खाली ठेवला, बाहेर गेले, आणि कोणाला काही न सांगता तुतीला पाणी सोडले.

ती तुती मग उपटली गेली नाही. पुढच्या पावसाळ्यात तिच्याशेजारी आणखी अर्धा एकर लागली, आणि बाकी शेतात कपाशीही राहिली. बळीरामभाऊंना ती सोडवली नाही आणि कोणी सोडायला सांगितलेही नाही.

मी त्या शेडमध्ये अकरा वर्षे राहिलो. आता माझे हिरवे आकडे फिके झाले आहेत. आठाचा आकडा तर शून्यासारखा दिसतो. आज शेडमध्ये नवीन लहानसा कंट्रोलर आहे, ज्याला हद्दी आठवतात. मी दीपाच्या दारव्ह्याच्या दुकानात आहे. ती मुलामुलींना शिकवते तेव्हा मला टेबलावर घेते, उलटे करते आणि ती मेलेली पीन दाखवून सांगते, “ही माझ्या घाईनं गेली.”

मित्रांनो, जुन्या वस्तूंना पुसा, झाका, त्यांच्या पाठीवर काय आहे ते उलटून पाहा, हे तर मी सांगेनच. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. तुमच्या घरातले यंत्र एखाद्या दिवशी भलतेच बोलू लागले, तर त्याला लगेच फेकू नका. त्याची वायर हातात धरा आणि टोकापर्यंत चालत जा. तिथे बहुतेक वेळा बिघाड नसतो. कोणीतरी मायेने किंवा घाईने काहीतरी गुंडाळलेले असते. ते सोडा. आणि ज्याने गुंडाळले, त्याच्या घरी कोणाला तरी बोलावणे करायला पाठवा.